परजीवीचा पार्ट

बोंडू पिकायला लागले की आमच्याकडे परीक्षा जवळ आली असं समजावं. बोर्ड तारखा कधी का जाहीर करेना, परसातलं काजूचं झाड आधी जाहीर करतं. तो आंबूस-गोड वास घरात शिरतो, मळ्यात कुणीतरी वाळल्या पानांचा पातेरा पेटवलेला असतो, त्याचा धूर खाडीवर जाऊन बसतो, आणि बारावीची पोरं वह्या छातीशी धरून माझ्या खळ्यात येऊन बसतात. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. भात झोडून झाल्यावर ते रिकामंच असतं. मग मी तिथं पोरांना झोडतो.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक अनाथ धडा असतो. बारावीच्या जीवशास्त्रात तो सजीवांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांचा. पेशी, पचन, रक्त, प्रजनन या थोरामोठ्यांची उठबस करता करता मास्तर थकतो, आणि हा धडा दारात उभा असतानाच घंटा होते. ‘घरी वाचा’ असं सांगून आम्ही सगळे मास्तर मोकळे. मीही वीस वर्षं तसंच सांगत आलो. नंतर कधीतरी लाज वाटली, आणि परीक्षेआधीचे चार रविवार या धड्याचे फुकट वर्ग मी घरी घ्यायला लागलो. फुकट म्हटल्यावर पोरं आली. चहा मिळतो म्हटल्यावर वेळेवर आली.

या धड्यात एक तक्ता आहे. दोन जीव शेजारी राहिले तर कुणाचं काय होतं, ते त्यात तीनच चिन्हांत मांडलंय: अधिक, वजा, शून्य. दोघांचं भलं झालं तर अधिक-अधिक, म्हणजे सहजीवन. म्हशीच्या पायांनी गवतातले किडे उडतात, बगळा ते टिपतो, म्हशीला त्याचं सुखदुःख नाही, म्हणजे अधिक-शून्य. गोचिडीचं पोट भरतं आणि बैल वाळतो, म्हणजे अधिक-वजा, परजीविता. एका बांगड्यावर दोन घारी झेपावल्या तर दोघींचीही दमछाक, वजा-वजा, स्पर्धा. आणि हत्ती चालत जातो, त्याच्या पायाखाली मुंगी मरते, हत्तीला पत्ताही नसतो, म्हणजे वजा-शून्य. त्याला इंग्रजीत एक जीभ अडखळणारं नाव आहे. पोरं ते पाठ करतात आणि परीक्षेत चुकवतात.

अख्खं जग सहा-सात खणांत. पोरांना हा तक्ता फार आवडतो. मलाही आवडायचा.

तक्ता आवडणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. ते शिरायचं भाईमुळे. भाई माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दशावतारी कंपनीत वीस-बावीस वर्षं स्त्रीपार्टी होता. हातात बांगड्या, कपाळाला बिंदी, कमरेला शेला, आणि चालणं असं की जमिनीला आपलं वजन कळू नये म्हणून जपतोय. भाई राणी होऊन आला की पुढच्या रांगेतले नवरे आपापल्या बायकांकडे जरा नाराजीनं बघत. मग गुडघे गेले. एका वर्षी कंपनीचा टेंपो त्याच्या दारात थांबला नाही, तेव्हा त्यानं काय ते ओळखलं. लग्न केलेलं नव्हतं. त्यानंतरच्या चतुर्थीला तो आमच्याकडे आला. आमचा गणपती दीड दिवसाचा. भाई अकरा वर्षं राहिला.

पहिल्याच वर्षी, मी खळ्यात म्हैस आणि बगळा शिकवत होतो आणि पोरं पेंगत होती. भाई चहाचं तबक घेऊन बाहेर आला, दोन मिनिटं उभा राहून ऐकलं, तबक खाली ठेवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलची शिंगं करून म्हैस झाला. रवंथ करणारी, मोठ्या कुटुंबातली, जरा गर्विष्ठ म्हैस. मग टॉवेल झटकून एका पायावर बगळा. दोन्ही पार्ट तोच करत होता, पण म्हैस बगळ्याकडे बघायचीच नाही. पोरं खडबडून जागी झाली. तो ‘शून्य’ मी दर रविवारी फळ्यावर काढत होतो, पण शून्य म्हणजे काय ते त्या म्हशीच्या डोळ्यांत पहिल्यांदा दिसलं.

तेव्हापासून धडा माझा आणि पार्ट भाईचा. शंखात राहणारा खेकडा पाठीवर समुद्रफूल वागवतो, समुद्रफूल त्याचं रक्षण करतं, खेकडा त्याला फिरवून आणतो. त्यासाठी भाईनं सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, निळी साडी डोक्यावर घेतली आणि दोन्ही हातांची बोटं अशी हलवली की समोरची पोरं मागं सरकली. एकाच माणसाला खेकडा आणि फूल दोन्ही दाखवायचं, म्हणून तो कमरेखाली खेकडा होता आणि कमरेवर फूल. सुनंदा साडीसाठी आठवडाभर कुरकुरली. ती भाईबद्दल तशी रोजच कुरकुरायची: आंघोळीला फार वेळ लावतो, चहात साखर फार घालतो, रेडिओ मोठा लावतो. अकरा वर्षं ती कुरकुर आमच्या घरात पायपेटीसारखी वाजत राहिली, आणि त्या सुरावर घर बरं चाललं होतं, हे सूर थांबल्यावर कळलं.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतोय त्याला आता सहा वर्षं झाली.

त्या वर्षीची बॅच तिखट होती. पहिल्या रांगेत जेनी बसायची, खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीतली. गोव्याला नर्सिंगला जायचं, हे तिचं ठरलेलं. वही नीटनेटकी आणि जीभ त्याहून. तिसऱ्या रविवारी परजीवी शिकवायचे होते. भाई टॉवेल घेऊन खांबाजवळ तयार उभा. मी गोचीड सांगितली, आंब्यावरचं बांडगूळ सांगितलं, आणि मग यजमान म्हणजे काय ते सांगायला लागलो. परजीवी ज्याच्या जिवावर जगतो तो यजमान. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, की पावणा येऊन राहिला आणि गेलाच नाही, तर तो कशात मोडेल. पोरं फिसफिसली. दोघा-तिघांनी भाईकडे बघितलं.

इथं मी थांबू शकलो असतो. पण नटाला आणि मास्तराला समोर टाळी दिसली की बाकी काही दिसत नाही. मी भाईकडे हात केला, सूत्रधारासारखा, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो,

“ह्या पार्टाक भाईक रंग लावूची गरज नाय.”

खळं फुटलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. भाईही हसला, पण एक मात्रा उशिरा. ज्यानं बावीस वर्षं मृदंगावर पाऊल टाकलं, त्याची एक मात्रा चुकली, आणि ती मला ऐकू आली. ऐकू आली नाही, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मग त्यानं पार्ट केला. असा केला की त्याआधी कधी केला नव्हता. ओटीच्या खांबाला तो हळूच टेकला, मग लाडानं बिलगला, मग दोन्ही हातांनी विळखा घातला. खांबाची विचारपूस केली, त्याच्या तब्येतीची काळजी केली, राणीच्या गोड आवाजात त्याला ‘नाथा’ म्हणाला, आणि बोलता बोलता असं काही गाल आत ओढून चोखू लागला, की सागवानी खांब बारीक होतोय असं वाटलं. पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी खांब ‘मेला’, आणि भाईनं पोट चोळत चहूकडे नवा खांब शोधला. शोधता शोधता त्याची नजर माझ्यावर आली. एक क्षणभर थांबली आणि पुढं गेली. नमस्कार केला, टॉवेल उचलला, मागीलदारी गेला.

जेनी हसत नव्हती. तिनं हात वर केला. “सर, गोचीड बैलाक चाय करून दिता काय?”

पोरं पुन्हा हसली. मी म्हणालो, सिलॅबसच्या बाहेरचं विचारू नये. त्यावर सगळ्यात मोठा हशा. म्हणजे त्या सकाळी चार हशे झाले आणि त्यातले दोन माझे. मी खूश होतो. दुपारी चांगलं जेवलो.

भाई लगेच घर सोडून गेला नाही, ही गोष्ट मला अजून जास्त लागते. लगेच गेला असता तर राग आला म्हणता आलं असतं. पण धडा अर्धा राहिला होता. स्पर्धा आणि भक्षण बाकी होतं, आणि समोर प्रेक्षक बसलेला असताना नाटक टाकून जाणाऱ्यातला तो नव्हता. चौथ्या रविवारी तो खंड्या झाला, मासा झाला, दोन घारी झाला. फक्त माझ्याशी बोलताना तो ‘मेल्या’ म्हणायचा बंद झाला. आमच्याकडे माणूस ‘मेल्या’ म्हणायचा थांबला की समजावं, काहीतरी मेलंय. मला परीक्षेची गडबड होती.

जीवशास्त्राच्या पेपराच्या दिवशी तो कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभा राहिला आणि परतणाऱ्या प्रत्येक पोराला विचारत होता, आपला धडा आला काय. जेनीनं सांगितलं, आला, आणि मी सगळं लिहिलं. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला. ‘जावन येतंय’ म्हणाला. आमच्याकडे ‘जातो’ कुणीच म्हणत नाही, त्यामुळे कोण कायमचा चाललाय ते शब्दांवरून कळत नाही. मला वाटलं, कुठली तरी जत्रा असेल. सुनंदा त्याच्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. दाढीचं सामान आणि हातआरसा नव्हता. अंथरुणावरची चादर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली होती.

तिनं विचारलं, “तुमी तेंका काय बोललास?”

मी तिला तो विनोद सांगितला. हात केला होता तसा हात करून, तशाच मोठ्या आवाजात. एकट्या माणसापुढं, सकाळी, रिकाम्या खळ्यात तो विनोद कसा वाटला, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. सुनंदा म्हणाली, “तेंचो जल्म तोंडाक रंग लावण्यात गेलो. आपल्या घरात तरी धुतल्या तोंडान बसत होते.” त्यानंतर तिनं त्या विषयावर मला एक शब्द विचारला नाही. कुरकुरलीही नाही.

आता तुम्हाला वाटेल, भाई गेला आणि घर कोसळलं. धड्याच्या दृष्टीनं ते फार सोयीचं झालं असतं. एक जीव काढून घेतला की अख्खी साखळी ढासळते, असली उदाहरणं आम्हा मास्तरांना फार प्रिय. पण काही ढासळलं नाही. चूल पेटत होती, मी कॉलेजात जात होतो, रेडिओ नव्हता म्हणून उलट शांत होतं. साखर महिनाअखेर शिल्लक राहिली. सुनंदा तिन्हीसांजेला आधण ठेवताना पाणी जास्त घालायची आणि मग थोडं ओतून टाकायची, एवढंच. असं ती पावसाळ्यापर्यंत करत होती.

मीच मग अस्वस्थ झालो, आणि मास्तर अस्वस्थ झाला की मुद्दे काढतो. मी भाईचे मुद्दे काढले. काजूवरच्या तांबड्या मुंग्यांची, हुमल्यांची, घरटी जाळू नको, ते काजूचे किडे खातात, हे मला, जीवशास्त्राच्या मास्तराला, त्यानं शिकवलं होतं. विहिरीचं पाणी कधी गढूळ येणार ते त्याला आदल्या दिवशी कळायचं. शेजाऱ्यांशी आमचा बांधाचा वाद होता, तो त्यानं गजाली मारून मारून मिटवला. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात ते औषध फक्त भाईनं राणीचा आवाज काढला की घ्यायचे. आठवत गेलो तसा कागद भरत गेला. दोन्ही बाजू भरल्यावर मी तो घडी करून खिशात घातला आणि कुडाळची गाडी पकडली.

भाई कुडाळजवळ पिंगुळीला होता, एवढं कंपनीतल्या एकाकडून कळलं होतं. तिथं त्याचा एक जुना मित्र कळसूत्री बाहुल्या करतो. त्याच्या मागच्या खोलीत भाई राहत होता आणि खेळाच्या वेळी बायकांच्या बाहुल्यांना आवाज देत होता. मी गेलो तेव्हा दुपार होती, आणि तो पडवीत बसून एका बाहुलीच्या मनगटात दोरा ओवत होता. मला बघून तो उठला नाही. दोरा ओढला, बाहुलीनं हात जोडले, आणि तिच्याच आवाजात त्यानं विचारलं, सुनंदा बरी आसा मां. मला एकदम हसू आलं आणि वाटलं, झालं, सुटलो.

मी माफी मागितली. मग कागद काढला. एकेक मुद्दा वाचून दाखवला, मुंग्या, विहीर, बांध, वडील. पुराव्यानिशी सिद्ध केलं की तो परजीवी नव्हता, उलट सहजीवनाचं याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही. भाईनं सगळं ऐकून घेतलं. मग बाहुली मांडीवर आडवी ठेवली.

“बाबू, तू माका न्हेवक इलंस काय माझो पेपर तपासूक?”

मी कागदाची घडी घातली.

“तेव्हा वजा लिवलंस, आता अधिक लिवतंस,” तो म्हणाला. “तक्तो तोच. माका त्या तक्त्यात घालतंस कित्याक? मी तुझ्याकडे रवलंय तो तुझ्या कामाक येतंय म्हणान नाय. तू माझो म्हणान.”

रागानं नाही बोलला. अगदी साध्या आवाजात, कुठल्याच पार्टाच्या नाही असा आवाज. तो आवाज मी त्याआधी फार थोडा ऐकला होता. मग त्यानं मला चहा दिला, साखर भरपूर घातलेला, आणि गुडघे दुखत असताना रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीत बसल्यावर मी त्या रविवारचा विचार करत राहिलो. त्या दिवशी खळ्यात नक्की कोणतं नातं घडलं? आधी वाटलं, हत्ती आणि मुंगी. मला पत्ताच नव्हता. मग वाटलं, असं कसं, मला तर टाळी मिळाली. एकाचं नुकसान आणि दुसऱ्याचं पोट भरलं. त्याला भक्षण म्हणतात, आणि ते शिकवायचं चौथ्या रविवारी होतं, मी एक आठवडा आधी करून दाखवलं.

बघा, पुन्हा तक्ता. सुटत नाही.

शून्याचा मात्र मी अलीकडे फार विचार करतो. आंब्याच्या फांदीवर ऑर्किड असतं. जांभळे तुरे सोडतं, आंब्याचं काही घेत नाही, आंब्याला शून्य. असं पुस्तक म्हणतं. पण आंब्याला कुणी विचारलंय? ज्या फांदीवर इतकी वर्षं कुणीतरी बसलं होतं, ती फांदी रिकामी झाल्यावर झाडाला काही वाटतच नसेल, हे कशावरून? परीक्षेत असलं लिहू नका, मार्क जातील. जिथं आपल्याला काही दिसलं नाही तिथं शून्य लिहायची पद्धत आहे, आणि पद्धतीला मार्क आहेत.

हल्लीची पोरं मोबाईलवर सगळं बघून येतात. समुद्रफुलातला मासा त्यांनी इतका जवळून पाहिलेला असतो की त्याचे कल्ले मोजतील. त्यांना भाईची गरज नाही. माझीही फारशी नाही. मी खुर्चीवर बसून शिकवतो. परजीवी आले की गोचीड सांगतो, बांडगूळ सांगतो आणि पान उलटतो. परवा एकानं विचारलं, सर, तुम्ही म्हणे आधी हा धडा नाटक करून शिकवायचे. मी म्हटलं, मी नाही, माझा भाऊ. ते कुठं असतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुढचा प्रश्न घे.

भाई येतो. तुटला नाही तो. दर वर्षी याच दिवसांत, बोंडू पिकले की एकदा येतोच. या वर्षीही आला, गेल्या मंगळवारी. आधी फोन केला, कोणत्या दिवशी आलेलं बरं पडेल विचारलं. अकरा वर्षं ज्याच्या कमरेला या घराची किल्ली होती, त्यानं वार विचारला. हातात खाज्याचा पुडा होता, जत्रेतल्या गोड खाऊचा, दोऱ्यानं नीट बांधलेला. घरच्यांका, म्हणाला, आणि पुडा माझ्या हातात दिला. वहाणा काढताना तोंड रस्त्याकडे करून ठेवल्या. खुर्चीवर टेकून बसला नाही, पुढं सरकून बसला. सुनंदानं चहा कपबशीतून आणला. त्याला साखर कमी पडली असणार, पण तो म्हणाला, चाय बरी झाली.

आम्ही खूप बोललो. काजूवर मुंग्या परत आल्यात ते मी सांगितलं. जेनी गोव्याच्या एका इस्पितळात लागलीय, ते सांगितलं. तो खूश झाला. बाहुल्यांच्या खेळाच्या गमती त्यानं रंगवून सांगितल्या, आम्ही पोट धरून हसलो, आणि कुठल्याही हशात काही कमी नव्हतं. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय प्रेमाचे भाऊ आहेत.

चारची गाडी होती. राहा म्हटलं, तर मित्राकडे खेळ आहे म्हणाला. खेळ नव्हता, मला माहीत होतं. उठताना त्यानं आपली कपबशी उचलली. मी म्हटलं, ठेव रे. तो ऐकेना. कपबशी घेऊन हळूहळू, गुडघे सांभाळत माजघरातून आत गेला, आणि स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. आत सुनंदा चुलीकडे तोंड करून उभी होती. त्यानं दारावर बोटांनी हलकेच वाजवलं.

“सुनंदा गो,” तो म्हणाला, “भितर येव काय?”